पाण्याची वेळ

“माझ्या थुंकीत माझं मत दिसणारे का तुम्हाला?” असं त्या ताईंनी विचारलं तेव्हा मी भांडुपच्या टेकडीवर त्यांच्या उंबऱ्याशी बसले होते, हातात प्लास्टिकची बारीक नळी, बाजूला थर्माकोलचा डबा आणि त्यात बर्फाच्या पिशव्या. फेब्रुवारी २०१७. महापालिकेचं मतदान २१ तारखेला होतं आणि आम्ही चार दिवस आधीपासून रोज सकाळी आठला वस्तीत पोचत होतो. ताई एका पक्षाच्या कार्यकर्त्या. उमेदवार नव्हत्या, पण उमेदवाराच्या आधी प्रत्येक गल्लीत पोचायच्या त्या त्याच. मी म्हटलं, मत नाही दिसत, पण ताण दिसतो, कॉर्टिसोल नावाचं एक हार्मोन असतं, ते रक्तातून लाळेत उतरतं, त्यावरून शरीर किती ताणात आहे याचा अंदाज येतो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, नळी तोंडाशी धरली, मान खाली घातली आणि लाळ खुणेपर्यंत येईतो गप्प बसल्या. मग नळी माझ्या हातात देत म्हणाल्या, “ताण बघायचाय तर आठला काय येता? साडेतीनला या. पाणी साडेतीनला येतं.”

मी ते वाक्य वहीत लिहूनही घेतलं नाही. नळीवर नंबर टाकला, बर्फात ठेवली आणि पुढच्या दारात गेले.

मी राज्यशास्त्र शिकवते. पण बीएस्सी मायक्रोबायोलॉजीत केलं, एमए राज्यशास्त्रात, आणि पीएचडी या दोघांच्या मधल्या अशा जागेवर की जिथे दोन्हीकडची माणसं मला पाहुणी समजतात. स्त्री-पुरुषांच्या राजकीय वागण्यात शरीराचा वाटा किती, हा माझा विषय. मत देणं, सभेला जाणं, तिकीट मागणं, हरल्यावर पुन्हा उभं राहणं, हे सगळं वागणंच आहे, आणि वागणारं शरीर असतं, मग त्याबद्दल बोलायचंच नाही असं कसं चालेल, एवढा साधा प्रश्न होता माझा.

तो प्रश्न मला लालबागच्या चाळीत पडला. १९९७ साली आमचा वॉर्ड लेडीज झाला. असंच म्हणायचे सगळे, वॉर्ड लेडीज झाला, म्हणजे नगरसेवकाची जागा बायकांसाठी राखीव झाली. चिठ्ठी टाकून ठरलं होतं, म्हणजे आमच्या वॉर्डात काही विशेष होतं म्हणून नाही, निव्वळ चिठ्ठी निघाली म्हणून. आणि मग गॅलरीत महिनाभर एकच चर्चा. बाईला जमणार का, बाई म्हटली की तिचे महिन्याचे चार दिवस, तिचा स्वभाव हळवा, निसर्गानेच तसं घडवलंय, त्याला कोण काय करणार. बोलणारी माणसं वाईट नव्हती. माझे काका होते त्यात, समोरचे मास्तर होते. मी तेव्हा एसवाय बीएस्सीला, परीक्षेसाठी हार्मोन्सचा पाठ डोळ्यासमोर उघडा होता, आणि मला जाणवलं की हे सगळे निसर्गाचं नाव घेतायत पण निसर्गाचं पान यातल्या एकानेही उघडलेलं नाही. त्या रात्री मी आईला म्हटलं, हे तपासता येईल. आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, मग तपास की.

पुढे २००९ मध्ये रिखिल भवनानी या राज्यशास्त्राच्या संशोधकाचा एक पेपर हाती आला आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आमच्या त्या चिठ्ठीबद्दलच होता. मुंबई महापालिकेत १९९७ ला जे वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाले त्यातले बरेच २००२ ला पुन्हा खुले झाले. भवनानींनी विचारलं की आरक्षण उठल्यावर तिथे काय झालं. जिथे मागच्या वेळी आरक्षण होतं तिथे खुल्या लढतीतही बाई निवडून येण्याची शक्यता इतर वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती. पाच वर्षांत कुणाचे हार्मोन बदलले नव्हते. बाईला तिकीट मिळालं, तिने काम केलं, पक्षाला कळलं की ही जिंकू शकते, आणि तिचं तिला कळलं. चिठ्ठीने ठरलं असल्यामुळे “तिथले लोकच पुढारलेले असतील” असंही म्हणता येत नाही. हा पेपर मी दरवर्षी शिकवते, आणि दरवर्षी वर्गात एखादी मुलगी सांगते की मॅडम, आमचाही वॉर्ड लेडीज होता.

पण मग शरीराचं काय? ते सोडून द्यायचं का? बरेच जण म्हणाले, सोड.

एसएनडीटी या महिला विद्यापीठात नीरा देसाईंनी १९७४ मध्ये स्त्रियांविषयीच्या संशोधनाचं केंद्र उभं केलं, १९८१ मध्ये स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद तिथेच, मुंबईत झाली. माझी पिढी त्या कामावर उभी आहे, हे मी मनापासून मानते. त्याच परंपरेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी एका चर्चासत्रानंतर मला चहाच्या टेबलाशी बाजूला घेतलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, “बाळा, शरीराचं नाव काढलं की आपल्याला घरी बसवतात. आम्ही बघितलंय.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी काही उत्तर दिलं नाही, कारण त्या चुकत नव्हत्या. दुसरीकडे राज्यशास्त्रवाले म्हणायचे की हे पॅथॉलॉजी लॅबचं काम आहे. एका इंटरव्ह्यूत पॅनेलवरच्या सरांनी माझी फाईल मिटून विचारलं होतं, “तुम्ही नेमक्या कुठल्या?” मी सांगत राहिले, ते घड्याळ बघत राहिले. ती जागा मिळाली नाही. अजून दोन मिळाल्या नाहीत. त्याचं दुःख झालं होतं, आता लिहिताना पण होतंय, पण त्याबद्दल इथे एवढंच.

आमच्या विषयात चांगलं आणि कच्चं काम एकाच ताटात वाढलेलं असतं, आणि लोकांपर्यंत पोचतं ते बहुतेक वेळा कच्चं. २००५ मध्ये अमेरिकेत अल्फर्ड, फंक आणि हिबिंग यांनी जुळ्यांच्या माहितीवरून दाखवलं की राजकीय मतांतल्या फरकाचा बराचसा भाग आनुवंशिकतेशी जोडता येतो. हुबेहूब जुळी आणि साधी जुळी यांची तुलना, पद्धत जुनी. त्यात त्यांना हेही दिसलं होतं की पक्ष कुठला हे मात्र जास्त करून घरातून, संस्कारातून येतं. पण बाहेर बातमी पोचली ती “मत जन्मतःच ठरतं” अशी.

फरकाचा इतका भाग आनुवंशिक, असा जो आकडा अशा अभ्यासांतून निघतो तो म्हणजे काय हे मला विद्यार्थ्यांना समजावताच यायचं नाही, शेवटी नळावरूनच समजावलं. समजा, वस्तीतल्या सगळ्या नळांना सारखं प्रेशर आहे. मग कोणाचं भांडं आधी भरतं हे निव्वळ भांड्यावर ठरणार, कळशी आधी, हंडा नंतर, ड्रम सगळ्यात शेवटी, आणि तुम्ही म्हणाल फरक शंभर टक्के भांड्याचा. आता वरच्या गल्लीत प्रेशर कमी करा आणि खालच्या गल्लीत वाढवा. भांडी तीच आहेत, पण आता फरकाचा मोठा भाग प्रेशरचा. म्हणजे तो आकडा भांड्याचा गुण नाही, त्या वस्तीतल्या त्या दिवशीच्या पाण्याचाही आहे. अमेरिकेतल्या जुळ्यांचा आकडा भांडुपच्या बाईला लावता येत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या बातम्या आपोआप गळून पडतात.

२०१२ मध्ये तर अमेरिकेतल्या निवडणुकीच्या तोंडावर एक अभ्यास आला की बायकांची मतं पाळीच्या चक्रानुसार बदलतात, आणि सीएनएनने त्याची बातमी वेबसाइटवर टाकून लोक चिडल्यावर त्याच दिवशी काढून घेतली. नंतर दुसऱ्या संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा मत कोणाला देणार यावर तसा परिणाम सापडला नाही. पण परत तपासलेल्याची बातमी होत नाही ना. मला तेव्हा एका नातेवाइकाने ती पहिली बातमी पाठवली होती, “तुझा विषय” असं लिहून. मी दोन दिवस जेवले नाही नीट. लालबागची गॅलरी अमेरिकेपर्यंत पोचली होती आणि या वेळी तिच्या हातात आलेख होता.

असं वाटायला लागलं की त्या ज्येष्ठ बाईंचं ऐकावं आणि सोडून द्यावं. पण त्याच सुमारास मी झुरिकमधला एक प्रयोग पुन्हा वाचला, २०१० मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला. शंभराहून अधिक बायका, काहींना जिभेखाली टेस्टोस्टेरॉन दिलं, म्हणजे माणसाला आक्रमक आणि स्वार्थी करतं असं ज्याच्याबद्दल बोललं जातं ते हार्मोन, काहींना नुसतंच औषधासारखं दिसणारं पाणी, आणि मग पैशाच्या वाटणीचा खेळ. एकीने वाटणी सुचवायची, दुसरीला पटलं तर दोघींना पैसे, नाही पटलं तर कुणालाच नाही. ज्यांना खरंच टेस्टोस्टेरॉन मिळालं होतं त्यांनी जास्त न्याय्य वाटणी सुचवली. आणि ज्यांना वाटत होतं की आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालंय, मिळालेलं असो वा नसो, त्या जास्त स्वार्थी वागल्या. मी हे वाचून घरात फेऱ्या मारल्या होत्या. म्हणजे हार्मोन एक करतंय आणि हार्मोनबद्दलची दंतकथा त्याच्या उलट करतेय! आता हाही एकच प्रयोग, त्यावर इमारत बांधायची नाही, पण शरीराबद्दल बोलायचंच नाही असं ठरवलं असतं तर गॅलरीतली दंतकथा तपासायला कुणी गेलंच नसतं.

आणि मेघालयातलं काम. खासी लोकांत घर मुलीच्या नावाने चालतं, धाकट्या मुलीकडे घर येतं. तिथे आणि आफ्रिकेतल्या मसाई लोकांत, जिथे पुरुषांचाच शब्द चालतो, संशोधकांनी एकच साधा खेळ लावला. बादलीत चेंडू टाकायचा, दहा संधी, आणि आधी ठरवायचं की प्रत्येक चेंडूमागे थोडे पैसे घेणार की दुसऱ्याशी स्पर्धा करून जिंकलात तर तिप्पट. मसाईंमध्ये स्पर्धा निवडणारे पुरुष जास्त निघाले. खासींमध्ये बायका जास्त. बायकांना स्पर्धा आवडत नाही म्हणून त्या निवडणुकीत उतरत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी शिलाँगकडे एकदा बघावं.

मला या वाटेवर सगळ्यात जास्त धीर दिला तो मात्र इरावती कर्व्यांनी. आपल्याला त्या महाभारतामुळे माहीत असतात, पण तरुणपणी त्या बर्लिनला जाऊन कवट्या मोजत होत्या. त्यांचे गाईड ऑयगेन फिशर, ज्यांचं नाव पुढे नाझींच्या वंशशास्त्राशी कायमचं जोडलं गेलं. त्यांना कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकात वंश दिसत होता. इरावतीबाईंनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि लिहिलं की वंशाचा असा काही संबंध दिसत नाही. १९२० च्या दशकाच्या शेवटी, परक्या देशात, परक्या भाषेत, गाईडच्या समोर. त्यांनी मोजणं नाकारलं नाही, मोजून नाकारलं. परत आल्यावर काही वर्षं त्या इथे मुंबईतच एसएनडीटीचं कामकाज बघत होत्या. चर्चगेटला गेले की मला ते आठवतं आणि मी थोडी ताठ चालते.

आता भांडुपकडे येते, कारण खरं सांगायचंय ते तिथलंच.

मला लाळेकडे नेलं ते २००८ च्या अमेरिकेतल्या निवडणुकीच्या रात्रीच्या एका अभ्यासाने. निकाल जाहीर होताना लोकांची लाळ घेतली होती, आणि हरलेल्या उमेदवाराच्या पुरुष मतदारांचं टेस्टोस्टेरॉन खाली आलेलं दिसलं होतं, बायकांत तसा फरक दिसला नव्हता. इस्रायलमध्ये मतदान केंद्रावर कॉर्टिसोल वाढलेलं दिसलं होतं. मला वाटलं, मुंबईत प्रचार करणाऱ्या बायकांचं बघू. अगदी छोटं, चाचपणी म्हणून. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत आठ महिने गेले. मग मी आणि दोन विद्यार्थिनी, थर्माकोलचा डबा, स्लो गाडीचा लेडीज डबा, “काय आहे त्यात, मासे का?” असं विचारणाऱ्या मावशी, आणि ओळखीच्या एका लॅबमध्ये उधारीवर मिळालेला फ्रीझरचा एक कप्पा. नळ्या गोठवल्या, शेवटी पातळ करून शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये भरल्या, रंग आला, मशीनने आकडे दिले.

आकडे वेडेवाकडे होते. आठ वाजता सगळ्यांची लाळ घेतलेली, तरी कुणाचं कॉर्टिसोल खूप वर, कुणाचं जवळजवळ दुपारसारखं खाली. प्रचारात जास्त फिरणारी, कमी फिरणारी, कशाशीच जुळेना. मला वाटलं नळ्या खराब झाल्या, बर्फ वितळला असेल. महिनाभर मी स्वतःला दोष दिला. आणि एका रात्री झोपताना ताईंचं वाक्य आठवलं.

कॉर्टिसोल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर जातं आणि मग दिवसभर उतरत जातं. हे बीएस्सीचं पोरही सांगेल. म्हणजे आठ वाजले आहेत याला काही अर्थ नाही, उठून किती वेळ झाला याला आहे. खालच्या गल्लीतल्या बायका सातला उठत होत्या. वरच्या गल्लीतल्या साडेतीनला, कारण पाणी सोडणारा चावीवाला चावी फिरवणार साडेतीनला, आणि वर चढेपर्यंत प्रेशर उरतं ते जेमतेम चाळीस मिनिटं. आठ वाजता मी त्यांच्या दाराशी जायचे तेव्हा त्यांचा साडेचार तासांचा दिवस होऊन गेलेला असायचा. पाणी भरून, धुणं करून, डबे देऊन. आणि भांडुप कॉम्प्लेक्स तिथून दिसतं हो, तानसा-वैतरणेचं पाणी जिथे शुद्ध होऊन शहराला जातं ते.

मी प्रचारात जास्त आणि कमी फिरणाऱ्या बायकांची तुलना करायला गेले होते आणि माझ्या हातात आलं होतं टेकडीवरच्या पाण्याचं वेळापत्रक. तो पेपर मी कधी लिहिला नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं, नळ्या थोड्या होत्या आणि उठण्याची वेळ मी विचारलीच नव्हती. पण मी वस्तीत परत गेले, या वेळी नळी न घेता. ताईंच्या ओट्यावर बसून प्रचाराच्या दिवसांत शरीराचं काय होतं तेवढंच विचारलं, आणि मला वाटलं होतं त्या दमणुकीबद्दल बोलतील.

त्या म्हणाल्या, “पाणी पीत नाही आम्ही.”

सकाळी नऊला रॅली निघते, रात्री दहाला घरी. मधे जायला जागा नाही. सार्वजनिक शौचालय असतं, पण बायकांच्या बाजूला कुलूप, किंवा दिवा नाही, किंवा मागच्या दाराशी पुरुष उभे. पुरुष कार्यकर्ते भिंतीकडे जातात. “म्हणून मग सकाळी चहा घेतला की दिवसभर घसा ओला करायचा फक्त. खळखळून चूळ भरायची आणि टाकून द्यायची.” त्यांनी तोंडात पाणी घेतल्यासारखं करून दाखवलं. बाजूला बसलेल्या वहिनी म्हणाल्या, मागच्या वेळी मतदानानंतर आठवडाभर जळजळ होती, डॉक्टरने गोळ्या दिल्या. तिसरी म्हणाली, पाळीच्या दिवसांत मी रॅलीला येतच नाही, साहेबांना सांगते पोराला ताप आहे. आणि साहेब म्हणतात, बायकांचं हे असंच, घरातून निघत नाहीत.

मी तिथे बसून राहिले. वीस वर्षांपूर्वीची गॅलरी होती ती. महिन्याचे चार दिवस. म्हणजे काकांनी जे सांगितलं होतं ते घडत होतं, बाई त्या दिवशी खरंच येत नव्हती, फक्त त्याचं कारण तिच्या शरीरात नव्हतं, शौचालयाच्या कुलपात होतं. मुंबईत २०११ पासून राईट टू पी म्हणून, म्हणजे लघवीला जायला जागा मिळण्याच्या हक्कासाठी, बायकांनी मोहीम चालवली, तिच्या बातम्या मी वाचल्या होत्या, पाठिंबाही होता, पण ते माझ्या विषयातलं आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं! मी हार्मोन शोधत होते. राजकीय वागण्यात शरीराचा वाटा किती, याचं उत्तर या बायका रोज तोंडात धरून थुंकून टाकत होत्या.

त्यानंतर मी आधी वाचलेलं सगळं परत वाचलं. चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांचा २००४ चा अभ्यास, बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा. जिथे चिठ्ठीने बाई प्रधान झाली तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, दोन्हीकडे. पूर्वी मी ते वाचून “बायकांचे अग्रक्रम” असं समासात लिहिलं होतं. आता खोडून “कोण किती वाजता उठतं” असं लिहिलंय. आणि आपल्या मृणाल गोरे! डॉक्टरकीचं शिक्षण सोडून कामात आलेली बाई, गोरेगावात पाण्यासाठी लढली म्हणून पाणीवाली बाई, १९७२ ला अहिल्याताई रांगणेकरांबरोबर बायकांच्या हातात लाटणी देऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर, १९७७ ला दिल्लीत खासदार. आई सांगायची तिने लाटणं नेलं होतं. त्या वेळी त्या बायकांच्या लाळेत काय होतं ते कुणी मोजलं नाही, पण हंडे किती रिकामे होते ते त्यांच्या घोषणेत आहे.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि नगरसेवकच राहिले नाहीत, तेव्हा पाण्यासाठी बायका जाणार होत्या कुणाकडे हा प्रश्न वेगळा, आमचंही काम लांबलं. मधल्या काळात फॉर्म नव्याने बनवला. पहिला प्रश्न वय नाही, पक्ष नाही. पहिला प्रश्न, पाणी किती वाजता येतं. दुसरा, काल किती ग्लास प्यायलात. तिसरा, बाहेर असताना कुठे जाता. मग नळी. आणि वेळ घड्याळाची धरायची नाही, जाग आल्यापासून मोजायची. कमिटीतल्या एका सरांनी विचारलं, याचा राजकारणाशी संबंध काय. या वेळी मी घड्याळ बघू दिलं नाही, पूर्ण पंधरा मिनिटं बोलले.

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. मी अलार्म लावून जागी होते, फोन उशाशी. माझी विद्यार्थिनी आदल्या रात्रीच ताईंकडे मुक्कामाला गेली होती, तिथेच जेवली, तिथेच झोपली. चारला दहा कमी असताना फोन वाजला. मागे ड्रममध्ये पाणी पडल्याचा मोठा आवाज, भांड्यांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी पाईप दे म्हणून ओरडतंय.

“मॅडम, आज वीस मिनिटं उशिरा चावी फिरली,” ती म्हणाली. “सगळ्या तीनपासून जाग्या आहेत. जाग आल्याची वेळ तीन लिहू ना?”

“तीनच लिही,” मी म्हटलं. “आणि आधी त्यांना पाणी भरू दे.”